अहवालात धरण सुरक्षित होते

25 जानेवारी 2019. ब्राझीलच्या मिनास जेराइस राज्यात ब्रुमाजिन्योजवळच्या खाणीवर दुपारच्या जेवणाची वेळ होती. खाण वाले या बड्या लोहखनिज कंपनीची. साडेबाराच्या सुमारास खाणीतला टाकाऊ गाळ अडवून धरणारे धरण फुटले आणि सुमारे 1 कोटी 20 लाख घनमीटर गाळ खालच्या दरीत घुसला. कंपनीची कचेरी आणि उपाहारगृह धरणाच्या अगदी खालच्या अंगाला होते. 270 माणसे गेली. त्यातली बरीचशी त्या खाणीवर राबणारीच.

त्याआधी वालेने छापलेल्या शाश्वतता अहवालात आपली शंभर टक्के धरणे स्थिर असल्याचे प्रमाणित झाले आहे, असे सांगितले होते. अमेरिकेच्या रोखे बाजार नियामकाने एप्रिल 2022 मध्ये कंपनीवर खटला भरला, तो याच मुद्द्यावर. धरणांच्या तपासण्यांत फेरफार करून प्रमाणपत्रे मिळवली आणि त्यांच्या जोरावर गुंतवणूकदारांची व स्थानिकांची दिशाभूल केली, असा आरोप होता. मार्च 2023 मध्ये 5 कोटी 59 लाख डॉलर भरून कंपनीने तडजोड केली.

शाश्वतता अहवाल म्हणजे गुळगुळीत कागदावरचे, रोपट्यांच्या फोटोंचे पुस्तक, असा अनेकांचा समज असतो. ब्रुमाजिन्योनंतर तो धरून बसणे परवडणारे नाही. त्या पुस्तकातल्या एका वाक्यावर माणसे विसंबतात, म्हणून ते वाक्य कुठून आले, कोणी तपासले आणि चुकीचे निघाले तर कोण जबाबदार, हे अहवाल करणाऱ्याने पहिल्या दिवशीच ठरवायला हवे.

हे अहवाल आकाराला आले तेही एका अपघातामुळेच. 1989 मध्ये एक्सॉन व्हाल्डेझ हे तेलवाहू जहाज अलास्काच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळले, समुद्रभर तेल पसरले आणि कंपन्यांनी पर्यावरणाचाही हिशेब द्यावा ही मागणी जोर धरू लागली. त्यातून 1997 मध्ये बॉस्टनला ग्लोबल रिपोर्टिंग इनिशिएटिव्ह ही संस्था उभी राहिली आणि 2000 मध्ये तिने अहवालाचा पहिला आराखडा दिला. भारतात सेबी या शेअर बाजार नियामकाने 2012 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 100 सूचिबद्ध कंपन्यांना असा अहवाल द्यायला लावला. 2021 मध्ये त्याचे रूप बदलून ‘बीआरएसआर’ (व्यवसाय जबाबदारी व शाश्वतता अहवाल) आले आणि 2022-23 या आर्थिक वर्षापासून ते पहिल्या 1000 कंपन्यांना बंधनकारक झाले. 2023 मध्ये त्यातल्या निवडक आकड्यांची बाहेरच्या तज्ज्ञांकडून पडताळणी करून घेण्याचे बंधनही आले: आधी पहिल्या 150 कंपन्यांना, मग टप्प्याटप्प्याने बाकीच्यांना.

नमुना सेबीचा, चौकटी ठरलेल्या. मग अहवाल घडवण्यात कौशल्य कसले? ते चौकटीत बसणाऱ्या आकड्याच्या जन्मात आहे.

एखाद्या कारखान्याचे वर्षाचे कार्बन उत्सर्जन काढायचे म्हटले, तर काम मुंबईच्या मुख्यालयात सुरू होत नाही. ते कारखान्याच्या स्टोअरमध्ये, जनरेटरसाठी आणलेल्या डिझेलच्या पावत्यांच्या फाइलपाशी सुरू होते. लिटरभर डिझेल जळले की साधारण 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वीज महावितरणच्या बिलातून घ्यायची आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी देते त्या गुणांकाने गुणायची. अलीकडच्या वर्षांत हा गुणांक युनिटमागे 0.7 किलोच्या आसपास आहे, म्हणजे लाखभर युनिटांमागे सत्तर टन. इथवर सोपे.

पाणी मात्र घाम काढते. एमआयडीसीच्या नळाला मीटर असते, टँकरला नसते. टँकर दहा हजार लिटरचा धरला जातो. तो खरोखर काठोकाठ भरून आला होता का, हे गेटवरच्या रजिस्टरात लिहिलेले नसते. बोअरवेलचे मीटर मधले तीन महिने बंद होते, मग तेवढे अंदाजाने भरले जाते. हा अंदाज चालतो. अट एवढीच की अहवालात तो अंदाज आहे असे लिहावे आणि कसा केला तेही सांगावे. चांगल्या अहवालाची ही पहिली खूण. ज्या अहवालात एकही तळटीप नाही, मागच्या वर्षीचा एकही आकडा दुरुस्त केलेला नाही, त्याच्याकडे जाणकार वाचक जास्त बारकाईने पाहतो.

अपघातांच्या आकड्यातही अशीच फट असते. कायम कामगाराचे बोट मशीनमध्ये सापडले तर नोंद कारखान्याच्या रजिस्टरला होते. ठेकेदाराच्या माणसाचे सापडले तर ती ठेकेदाराकडे राहून जाऊ शकते. बीआरएसआरमध्ये कायम आणि बिगर-कायम कामगारांची माहिती वेगळी विचारली आहे, ती उगाच नाही. म्हणून अहवाल बनवणाऱ्या चमूने ठेकेदारांची रजिस्टरे मागवायलाच हवीत. ती मिळायला वेळ लागतो, कुरबुरी होतात. पण ‘दहा लाख मनुष्य-तासांमागे अपघात’ या आकड्याला त्याशिवाय अर्थ नाही.

पडताळणीचा एक साधा मार्ग हाताशी आहे आणि तो फार कमी वापरला जातो. पर्यावरण नियमांनुसार कारखाने दरवर्षी 30 सप्टेंबरपर्यंत राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला ‘फॉर्म पाच’ देतात. पाणी, कच्चा माल, घातक कचरा सगळे त्यात असते. घातक कचरा घेऊन ट्रक रांजणगाव किंवा तळोज्याच्या विल्हेवाट केंद्रावर जातो, तेव्हा त्याच्यासोबत वजनाची नोंद असलेला मॅनिफेस्ट जातो. सगळ्या कारखान्यांच्या या कागदांची बेरीज आणि भागधारकांना दिलेला आकडा जुळला पाहिजे. जुळत नसेल, तर अहवाल छपाईला जाण्याआधी थांबवावा.

आता मांडणी. आकडा खरा असूनही चित्र खोटे उभे राहू शकते आणि इथे डिझायनरची जबाबदारी लेखापालाइतकीच मोठी आहे. सगळ्यात जास्त घोळ होतो तो उलाढालीमागे उत्सर्जन दाखवताना. समजा, एका कंपनीची उलाढाल 1000 कोटी आणि उत्सर्जन एक लाख टन आहे: कोटीमागे 100 टन. पुढच्या वर्षी मालाचे भाव चढले, उलाढाल 1200 कोटी झाली आणि उत्सर्जन एक लाख आठ हजार टनांवर गेले. कोटीमागे आकडा 90 वर आला. आलेखाचा खांब दहा टक्क्यांनी उतरला, हिरव्या रंगात छापला गेला. हवेत मात्र आठ हजार टन जास्त गेले. सेबी उलाढालीमागचे प्रमाण मागते आणि एकूण आकडाही मागते. दोन्ही एकाच पानावर, एकाच आकाराच्या अक्षरांत असावेत. त्याजोडीला उत्पादनाच्या टनामागे किती, हेही दिले तर खरी सुधारणा झाली की फक्त बाजारभाव वाढले, ते वाचकाला कळते.

आलेखाची उभी रेषा शून्यापासून सुरू करावी. तुलनेचे मूळ वर्ष मध्येच बदलू नये. बदललेच तर कारण द्यावे. एवढे पाळले तरी निम्मे काम होते.

दुसरी गफलत आहे ठिकाण पुसून टाकण्याची. कंपनीने देशभरात मिळून इतके लाख घनमीटर पाणी वापरले, या वाक्यातून काहीच कळत नाही. हेच पाणी रायगडातल्या कारखान्याने घेतले तर एक गोष्ट आणि मराठवाड्यात घेतले तर दुसरी. 2016 च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागत होते. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांच्या पाण्यात निम्म्याने कपात करायला सांगितले आणि मे महिन्यात ती साठ टक्क्यांवर न्यायला सांगितले. ज्या गुंतवणूकदाराच्या हातात त्या वर्षी फक्त देशभराची बेरीज होती, त्याला हा धोका दिसण्याचा मार्गच नव्हता. पाण्याची टंचाई असलेल्या भागातल्या कारखान्यांची वेगळी माहिती देण्याची सोय बीआरएसआरमध्ये आहे, पण ती ऐच्छिक रकान्यांत. महाराष्ट्रात कारखाना असलेल्या कंपनीने ती ऐच्छिक समजू नये.

तिसरी गोष्ट कुंपणाबाहेरची. 2011 मध्ये पुमा या जर्मन बूट-कपड्यांच्या कंपनीने एक धाडसी हिशेब प्रसिद्ध केला. 2010 या वर्षात आपण निसर्गाचे किती नुकसान केले, याची तिने पैशांत किंमत काढली: 14 कोटी 50 लाख युरो. त्यात कंपनीची स्वतःची कार्यालये, गोदामे आणि दुकाने यांचा वाटा अवघा सहा टक्के निघाला. निम्म्याहून जास्त नुकसान साखळीच्या पार टोकाला, म्हणजे कातड्यासाठीची गुरे, कापूस आणि रबर जिथे तयार होते तिथे होत होते. कार्यालयात दिवे बदलून आपण किती वीज वाचवली यावर पुमाने दहा पाने लिहिली असती, तर ती खरी असूनही निरर्थक ठरली असती. कोणता विषय किती पाने घेणार, हे नुकसान कुठे होते त्यावरून ठरायला हवे. जवळचे उदाहरण महिंद्रा अँड महिंद्राचे. या मुंबईच्या कंपनीने 2016 मध्ये स्वतःच्या उत्सर्जनाला टनामागे 10 डॉलर अशी अंतर्गत किंमत लावली. अहवालातला आकडा असा गुंतवणुकीच्या निर्णयात उतरला की त्याची किंमत कंपनीच्या आतल्या माणसांनाही जाणवते.

उरतो प्रश्न वाचकाचा. बहुतेक कंपन्यांचे अहवाल इंग्रजीत निघतात आणि त्यांचा वाचक फंड मॅनेजर असतो. चाकणच्या कारखान्याला लागून राहणारी शेतकरी बाई, महाडच्या नाल्याकाठचा मासेमार, चंद्रपूरच्या राखेत राहणारे कुटुंब यांच्या हाती तो कधी पडत नाही. गंमत नव्हे, दुखणे आहे हे, कारण त्यांच्यासाठी काय लिहावे याचा वस्तुपाठ कायद्यात आधीच आहे. 2006 च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार मोठा प्रकल्प येण्याआधी जनसुनावणी होते, तेव्हा मूल्यांकनाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. प्रकल्प उभा राहिला, धूर सुरू झाला, की असा वार्षिक सारांश देण्याची सक्ती सेबीच्या नमुन्यात नाही.

एका कारखान्यासाठी मराठीत चार पाने पुरतील. या वर्षी पाणी किती आणि कुठून घेतले, सांडपाणी कुठे सोडले, घातक कचरा किती टन निघाला आणि कुठे गेला, किती अपघात झाले, त्यात ठेकेदाराची माणसे किती, गावकऱ्यांच्या किती तक्रारी आल्या आणि किती अजून पडून आहेत, तक्रार घेऊन गेल्यावर कोणत्या हुद्द्याचा माणूस भेटेल. ग्रामपंचायतीच्या फलकावर लागेल एवढीच ही माहिती. ती नव्याने गोळा करायची नाही. कंपनीकडे ती कारखान्यानुसार असतेच, कारण त्याशिवाय मुख्यालयातली बेरीज होत नाही.