थांबलेल्या गाडीचे तास

पहाटे साडेचार. शिरूर बायपासला आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये ट्रेलर चालू होतो. ब्रेकची हवा भरेपर्यंत आमचे ड्रायव्हर काका खाली उतरून टायरवर टॉमी मारत फिरतात. वडिलांच्या वेळेपासून हेच गाडीवर आहेत. आज त्यांच्या शेजारी मी वही घेऊन बसलोय. दौंड तालुक्यातल्या एका कारखान्यातून साखर भरायची, रांजणगाव एमआयडीसीत खाली करायची आणि रात्री घरी. हाच दिवस इलेक्ट्रिक ट्रेलरवर निघाला असता का, हे मला तासातासानं लिहून काढायचंय.

पाच. न्हावऱ्याचा रस्ता. दोन्ही बाजूंनी ऊस, अंधार, आणि मध्येच उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागे रिफ्लेक्टर नाही. हल्ली बिबट्याच्या भीतीनं या भागात पहाटे बाहेर माणूस दिसत नाही. काका तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये गाडी खेळवतात. दर दोन मिनिटांनी क्लच. "शेठ, डावा गुडघा यातच गेला," ते म्हणतात. इलेक्ट्रिक गाडीला क्लच नाही, आणि पायाखाली इंजिनाची धगही नाही, हे मी सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा माझ्या वहीकडे वळले. बॅटरीच्या हिशेबानं हा टप्पा सगळ्यात सोपा. गाडी रिकामी आणि वेग कमी.

पावणेसात. पारगावजवळ भीमा ओलांडून चौफुल्याला चहा. इथून पुढे सोलापूर हायवे.

साडेसात. कारखान्याचं गेट. नंबर अकरावा.

इथे गाडी बंद होते आणि दिवसही थांबतो. डिलिव्हरी ऑर्डरवर सही व्हायची आहे, गोदामाची किल्ली ज्याच्याकडे आहे तो यायचाय, हमालांची टोळी आधीच्या गाडीवर आहे. दहा वाजता काका केबिनमध्ये आडवे होतात. अकराला नंबर लागतो. तीस टन म्हणजे पन्नास किलोची ६०० पोती, सगळी माणसाच्या पाठीवरून. थप्पी लागून, काटा करून, ई-वे बिल हातात येऊन ताडपत्री ओढेपर्यंत सव्वादोन. पावणेसात तास एका जागी.

या वेळात मी यार्डभर फिरलो. समोर बगॅसचा डोंगर आणि त्याच्या पलीकडे सहवीज प्रकल्प. उसाचं चिपाड जाळून वाफ, वाफेवर टर्बाइन, आणि उरलेली वीज महावितरणला. म्हणजे माझी गाडी जिथे सात तास निजून आहे, तिथून हाकेच्या अंतरावर वीज तयार होते. मधे एक केबल नाही, एवढंच. साठ किलोवॅटचा चार्जर तीन तास लावला तरी १८० युनिट भरतील, सव्वाशे किलोमीटरचं काम होईल. हंगाम चार-पाच महिन्यांचाच, हे खरं, पण साखरेची वाहतूक वर्षभर असते आणि गेटवरची रांगही.

अडीच. भरून परतीला. वहीत आता बाजारातल्या इलेक्ट्रिक गाड्या. मोंट्राचा ऱ्हायनो हा ट्रेलर ओढणारा ५५ टनी इलेक्ट्रिक ट्रॅक्टर आहे. बॅटरी २८२ युनिटची, आणि कंपनी सांगते एका चार्जला १९८ किलोमीटर. टाटांनी २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला दाखवलेल्या प्रायमा ई.५५एसचा दावा साडेतीनशेपर्यंत आहे. आमची आजची फेरी साधारण १५५. पोचते. पण बॅटरी चार वर्षं जुनी झाल्यावर, मे महिन्यात, तीस टन लादून पोचेल का? मी मधे एकदा चार्जिंग धरूनच चाललोय. बॅटरीच्या वजनानं माल कमी भरावा लागतो ही तक्रार सिमेंट-लोखंडवाल्यांची रास्त आहे. तीस टनांच्या साखरेला ती लागू होत नाही.

सव्वापाच. रांजणगाव. पुन्हा गेट, पुन्हा रांग, पुन्हा शिक्के. साडेआठला गाडी खाली.

इथेच हिशेब मांडला. साडेतीनच्या ॲव्हरेजनं ४४ लिटर डिझेल, चार हजार रुपये. इलेक्ट्रिकला चार्जिंगमधली गळती धरून २४० युनिट. दहा रुपये युनिट धरले तर २,४०० रुपये. रोज सोळाशे वाचले, पंचवीस दिवसांचे चाळीस हजार. मात्र इलेक्ट्रिक गाडीला कोटीच्या वर मोजावे लागतात, डिझेलच्या दुपटीहून जास्त. त्या फरकाचाच हप्ता महिन्याला लाखाच्या वर जातो. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह अनुदान योजनेतून जास्तीत जास्त ९ लाख ६० हजार मिळतात, तेही जुना ट्रक भंगारात दिल्याचा दाखला जोडला तर. वडिलांचा दहाचाकी अजून शेडमध्ये उभा आहे. तो द्यायची माझी तयारी आहे. तरी एका फेरीत हे जमत नाही. दोन फेऱ्या मारल्या तर महिन्याला ऐंशी हजार वाचतात, वर ऑइल, क्लचप्लेट, फिल्टरचा खर्च वाचतो आणि दुसऱ्या फेरीचं भाडं हातात येतं. मग गणित बसायला लागतं. पण दुसरी फेरी बसणार कुठे? आज गाडी सहा तास चालली आणि दहा तास उभी राहिली. डिझेलची गाडी स्वस्तात उभी राहते, म्हणून हे दहा तास आजवर कुणी मोजलेच नाहीत.

चाकणला २०२५ च्या ऑक्टोबरात ब्लू एनर्जीनं बॅटरी बदलून देणारा ट्रक आणला. शिक्रापूरमार्गे ते गाव आम्हाला जवळचं. तशी अदलाबदलीची जागा कारेगावला किंवा चौफुल्याला झाली, तर चार्जिंगला थांबणंच नको.

सव्वानऊ. शेड. आमचा मीटर सिंगल फेज, एक बल्ब आणि पाण्याची मोटर चालते. इथे रात्री ट्रेलर चार्ज करायचा तर आधी जोडभार वाढवून घ्यायला हवा. काका हातपाय धुऊन आले तेव्हा मी कारखान्याच्या कार्यकारी संचालकांना अर्ज लिहीत होतो. काट्याशेजारी एक चार्जिंगची जागा द्यावी, युनिटचे पैसे आम्ही भरू.

"वाचा बरं," काका म्हणाले. मी वाचला.

"त्याच्या खाली अजून एक ओळ घाला शेठ. नंबर वेळेवर लावा म्हणावं."

घातली.