पंक्चर काढावं की टायर बदलावा?

गेल्या महिन्यात मुलीच्या गाडीच्या मागच्या टायरात स्क्रू रुतलेला दिसला. ती रोज फ्रीमाँटहून ८८० फ्रीवेने सॅन होजेला कामाला जाते. एका दुकानात म्हणाले, चाक न काढता बाहेरून प्लग ठोकून देतो, दहा मिनिटांचं काम. दुसरीकडे म्हणाले, नवाच टायर घ्या. टायर आतून मात्र दोघांनीही पाहिला नाही! म्हणून हा विषय नीट समजून घेतला.

मंडळी, आपल्या डोक्यात पंक्चर म्हणजे तिकडचं. ट्यूब बाहेर काढायची, पाण्यात बुडवून बुडबुडे पाहायचे, घासून सोल्युशन लावायचं आणि ठिगळ चिकटवायचं. इथल्या आपल्या गाड्यांच्या टायरला ट्यूबच नसते. हवा धरणारा आणि वजन पेलणारा टायरच. त्यात पोलादी तारांचे पट्टे असतात. भोकातून पाणी शिरलं की त्या गंजतात.

अमेरिकेतल्या टायर उत्पादकांच्या संघटनेचे नियम थोडक्यात असे:

१. जागा : भोक रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या भागातच हवं. खांद्यावर किंवा बाजूच्या भिंतीवर असेल तर दुरुस्ती नाही. तो भाग सतत वाकतो, ठिगळ टिकत नाही.

२. आकार : पाव इंचापेक्षा, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटरपेक्षा मोठं भोक दुरुस्त करू नये.

३. आतली तपासणी : टायर रिमवरून उतरवून आतून पाहायलाच हवा. हवा उतरलेली असताना गाडी चालवली असेल तर बाजूची भिंत आतून चिरडते. बाहेरून ते दिसत नाही.

४. पद्धत : नुसता प्लग नको, नुसता पॅचही नको. भोक भरणारा दांडा आणि आतून चिकटणारा पॅच, दोन्ही हवेत.

तिसऱ्या दुकानाने टायर उतरवून दाखवला. भोक मधोमध, लहान, आतली बाजू स्वच्छ. तिथेच पंक्चर काढून घेतलं.

आता पैशांचं. नक्षी झिजून २/३२ इंच उरली असेल तर दुरुस्तीवर एक डॉलरही घालवू नका. खाचेत पेनी उलटी घाला. लिंकनचं डोकं पूर्ण दिसलं, तर टायर संपला. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत एकच नवा टायर घालण्याआधी मॅन्युअल पाहा. बाकीचे फार झिजले असतील तर जास्त टायर बदलावे लागतात. टायर घेतल्याचं बिल जपून ठेवा. काही दुकानं स्वतः विकलेल्या टायरचं पंक्चर फुकट काढतात. आणि कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे गॅस भरणाऱ्या गिऱ्हाईकाला पंपावर हवा फुकट मिळते.

२००८ च्या मॉडेलपासून गाड्यांमध्ये हवेचा इशारा देणारा दिवा असतो. तो लागेपर्यंत हवा चौथ्या हिश्श्याने उतरलेली असू शकते. म्हणून महिन्यातून एकदा, टायर गार असताना, हवा मोजा. आकडा दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. खिळा दिसला तर उपटू नका, हवा झपाट्याने जाईल. स्टेपनी घाला. स्टेपनी नसेल तर टो ट्रक बोलवा. आणि दुकानदाराला आधी एकच प्रश्न विचारा : टायर उतरवून आतून बघणार ना? 'नाही' म्हणाला, तर पुढचं दुकान गाठा.