कालवा आला, चारी कोठे आहे?

कालवा गावाच्या शिवेपर्यंत आला, पण चाऱ्या खणल्या गेल्या नाहीत, तर शेत कोरडेच राहते. ग्रामीण इंटरनेटची अवस्था काहीशी अशीच आहे. २०११ साली मंजूर झालेल्या आणि पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या योजनेने प्रकाशतंतूची तार ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याचे ठरविले. परंतु ग्रामपंचायतीपासून वाड्यापाड्यांपर्यंतचे अखेरचे चार-दोन किलोमीटर हाच खरा प्रश्न आहे. घरे विखुरलेली, मध्ये ओढे आणि टेकड्या, ग्राहक मूठभर. प्रत्येक घरासाठी चर खणून तार टाकणे कोणाही व्यावसायिकाला परवडणारे नाही.

येथे स्थिर बिनतारी सेवा उपयोगी पडते. तार संपते तेथे मनोरा उभारावयाचा, त्यावरून रेडिओलहरी सोडावयाच्या आणि त्या टिपण्यासाठी छपरावर अँटेना बसवावयाचा. तेथून एक केबल घरातील वा दुकानातील राउटरला जोडली की काम झाले. उंचावर एकाच दिशेस रोखलेला अँटेना हातातील फोनपेक्षा क्षीण लहरीही चांगल्या पकडतो.

२००५ साली सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला आणि त्याच वर्षी हिमाचलातील धर्मशाळेच्या डोंगरांत ‘एअरजल्दी’चे बिनतारी जाळे उभे राहू लागले. २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचे पट्टेही खुले झाले. मात्र या लहरींना समोरासमोर दृष्टी लागते. मध्ये दाट झाडी आली की त्या क्षीण होतात. याउलट दूरचित्रवाणीच्या पट्ट्यातील कमी कंप्रतेच्या लहरी झाडी ओलांडून दूरवर जातात. पालघर जिल्ह्यातील खामलोली व आसपासच्या गावांत मुंबईच्या आयआयटीने या पट्ट्यातील वापराविना पडलेल्या लहरींवर इंटरनेट पोहोचवून दाखविले. तेथील ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाला २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले.

मग अडले कोठे? २०२२च्या लिलावात ६०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्याला एकही बोली आली नाही. खेड्यांना सोयीच्या लहरी चढ्या किमतीच्या कुलपात पडून राहिल्या. वस्तुतः लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच स्पष्ट केले आहे. सार्वजनिक मालमत्ता विकली जात नाही आणि वापरलीही जात नाही, यात जनतेचे कोणते हित साधते?

२०२३ पासून जिओ आणि एअरटेल यांनी ५जीवर आधारित अशी सेवा सुरू केली, हे स्वागतार्हच. परंतु कंपनी प्रथम दाट वस्तीकडे वळणार. तो तिच्या व्यवहाराचा धर्म आहे. पाड्यांसाठी निराळी व्यवस्था हवी. न विकल्या गेलेल्या लहरी नाममात्र शुल्कात स्थानिक संस्थांना द्याव्यात, पंचायतीतील तार त्यांना वापरू द्यावी आणि मनोऱ्याला बॅटरी वा सौरऊर्जेचा आधार असावा. वीज गेली की सेवा गेली, असे होता कामा नये. मनोऱ्याची क्षमता सर्व ग्राहकांत वाटली जाते, याचेही भान ठेवले पाहिजे; मागची तार अपुरी असेल, तर लहरी काय करणार?

पाणीवाटपासाठी शेतकऱ्यांच्या संस्था उभारणाऱ्या महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. कालव्यावरचा खर्च झालेला आहे. आता चाऱ्या खणण्याचा अधिकार गावाला द्यावा.