जागलीचे अंथरूण

दिवाळीच्या पणत्या विझल्या, की पैनगंगेकाठच्या देऊळघाटाकडला शेतकरी अंथरूण काखेत मारून शेताची वाट धरतो. पीक घरात येईपर्यंत रात्री रानातच! हीच जागल.

आपण शहरातली माणसे थंडी वाजली की पांघरुणे वाढवतो. जागल्या आधी अंगाखालची सोय पाहतो. मचाणावर वीतभर कोरडा कडबा, त्यावर गोणपाट, मग गोधडी, घोंगडी अंगावर. कडब्यात कोंडलेली हवा ऊब धरते, दबलेल्या गोधडीला ते साधत नाही. दवाने भिजलेला कडबा मात्र दिवसा उन्हात वाळवायलाच हवा.

मचाण उंच हवे, हे सांगायला नकोच. जवळच्या ज्ञानगंगा अभयारण्यात २०१९ साली थेट टिपेश्वरहून चालत वाघ आला होता! पण खरी धास्ती रानडुकरांची. जागल्याचा डोळा लागला, तर उभे पीक रातोरात आडवे.