गाव तिकडे, स्टेशन इकडे

रेल्वे स्टेशनच्या नावापुढे 'रोड' हा शब्द दिसला की त्याचा अर्थ आपल्याला कुणी समजावून सांगावा लागत नाही. गाव इथे नाही; स्टेशनवर उतरायचे आणि मिळेल त्या वाहनाने पुढे जायचे. सावंतवाडी रोडला उतरलेला माणूस म्हणूनच आधी रिक्षा शोधतो. राजस्थानच्या बाडमेर जिल्ह्यात असेच एक स्टेशन आहे, गडरा रोड. फरक इतकाच, की येथे उतरून गडऱ्याला जाता येत नाही. १९४७ साली गडरा गाव पाकिस्तानात गेले आणि त्याचे स्टेशन भारतात राहिले. मधले अंतर अवघे काही किलोमीटर. गडऱ्याहून निघालेली किती तरी कुटुंबे या स्टेशनाच्या आधाराने राहिली, त्यांनी दुकाने थाटली आणि स्टेशनाभोवती नवे गाव उभे राहिले. त्या गावाचे नावही गडरा रोडच. फाळणीत गावाची घरे तिकडे राहिली, पण हलवाई इकडे आले असावेत. कारण गडऱ्याचे लाडू बाडमेरमध्ये आजही नाव काढून खाल्ले जातात.

२००५ ते २००८ अशी तीन वर्षे मी बँकेच्या नोकरीनिमित्त बाडमेरला होतो. कर्जाच्या प्रकरणांसाठी गडरा रोड, रामसर, गागरिया अशा गावांना महिन्यातून दोनतीनदा जावे लागे. मी मूळचा जत तालुक्यातला. दुष्काळ, बाजरी आणि टँकर यांच्यातच वाढलेला. त्यामुळे वाळवंटात आपले काही अडणार नाही, अशी एक घमेंड मनात होती. ती पहिल्याच आठवड्यात उतरली.

वाड्याच्या मालकीणबाई सोढा राजपूत. सगळे त्यांना 'माजीसा' म्हणत, तसे मीही म्हणू लागलो. त्यांच्या घरी ताटे-वाट्या आधी कोरड्या राखेने घासत आणि मग पुसून घेत. आंघोळ खाटेवर बसून. खाली परात ठेवलेली. परातीतले पाणी उंटाला किंवा झाडाला जाई. मी पहिल्या दिवशी दोन बादल्या पाण्याने अंघोळ केली, तेव्हा माजीसा रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारले, "बेटा, तुमच्याकडे नदी आहे का?" जतला नदी म्हणावी अशी नदी नाही, हे सांगायची मला लाज वाटली.

एरवी मात्र त्या घरात मला परके वाटले नाही. त्यांचा 'सोगरा' म्हणजे आपली बाजरीची भाकरीच. किंचित जाड आणि तुपात बुडवलेली. शिवाय मारवाडीत आपला 'ळ' आहे. हिंदी मुलखात वर्षानुवर्षे 'ल'वर भागवणाऱ्या मराठी माणसाला 'काळ' आणि 'थळी' असे शब्द कानावर पडले की काय वाटते, ते अनुभवानेच कळेल.

पाणी आणि वाळू

बाडमेरला वर्षाकाठी सरासरी अडीचशे ते तीनशे मिलिमीटर पाऊस पडतो. जत-आटपाडीला आपण दुष्काळी म्हणतो, तिथे याच्या सुमारे दुप्पट. एवढ्या पावसावर माणसे शतकानुशतके राहिली, ती नशिबाने नव्हे, अकलेने. अंगणात जमिनीखाली गोल हौद खणायचा, त्याला 'टांका' म्हणतात. भोवतालची जमीन त्याच्याकडे उतरती करून ठेवायची आणि पडलेला थेंब न् थेंब आत घ्यायचा. टांक्याच्या झाकणाला कुलूप असते. दागिन्यांच्या पेटीला नसेल, पण टांक्याला असतेच.

दुसरी युक्ती 'बेरी'ची. या भागात वाळूखाली काही ठिकाणी खडिया मातीचा, म्हणजे जिप्समचा थर आहे. पावसाचे पाणी वाळूत मुरते, पण या थराखाली उतरत नाही. खाली खोल गेलेले पाणी खारे. थरावर अडकलेला ओलावा मात्र गोडा. थरापर्यंत अरुंद विहीर खणली की तो ओलावा थेंबाथेंबाने पाझरून रात्रभरात दोनचार घागरी पाणी साचते. अनुपम मिश्र यांनी 'राजस्थान की रजत बूंदें' या पुस्तकात या विद्येबद्दल फार आपुलकीने लिहिले आहे.

पण हाच थर एकदा उलटला. ऑगस्ट २००६ मध्ये वर्षभराच्या सरासरीपेक्षा किती तरी अधिक पाऊस तीनचार दिवसांत कोसळला. कवास नावाचे गाव पाण्याखाली गेले. पूर ओसरेल म्हणून लोक वाट पाहत राहिले. पाणी काही हलेना. खाली जिप्सम, ते मुरणार कसे? वाळवंटातल्या गावात महिनोन्महिने होड्या चालल्या. ज्या थराने पिढ्यानपिढ्या पाणी पाजले, त्यानेच घरे बुडवली. त्या पुरात रेल्वेमार्गही वाहून गेला. त्या मार्गाची कथा पुढे येणारच आहे.

वाळूचा आणखी एक उपयोग मला तिथेच कळला. वाळू वाचता येते. रात्री कोण आले, कोण गेले, उंट लादलेला होता की रिकामा, हे पाऊलखुणांवरून सांगणारे 'पगी' या मुलखात पिढीजात आहेत. सीमा सुरक्षा दलाचे जवानही कुंपणालगतची पट्टी साफ करून ठेवतात आणि पहाटे तिच्यावरचे ठसे तपासतात. वारा सुटला की सगळे पुसले जाते आणि काम पुन्हा पहिल्यापासून.

रेघ कुणी ओढली?

भारत-पाकिस्तान सीमा म्हटली की आपल्याला रॅडक्लिफसाहेब आठवतात. पण त्यांनी रेघ ओढली ती पंजाबात आणि बंगालात. इथली रेघ जुनीच होती. जोधपूर संस्थान आणि सिंध प्रांत यांची हद्द. संस्थान भारतात आले, सिंध अख्खा पाकिस्तानात गेला आणि गावकऱ्यांच्या लेखी फारशी नसलेली एक हद्द दोन देशांची सीमा झाली. अलीकडे-पलीकडे भाषा एकच, ढाटकी. कथाही एकच. जैसलमेरजवळच्या लोद्रव्याच्या मूमलला भेटायला महेंद्र सोढा रोज रात्री उंटावरून जाई, तो उमरकोटहून. आज त्या प्रेमकथेची नायिका भारतात आणि नायक पाकिस्तानात आहे. मांगणियार गवयी मुसलमान आणि त्यांचे यजमान राजपूत. घरात लग्न निघाले की मांगणियाराने कमायचा घेऊन यायचेच. हे यजमानही दोन्हीकडे विखुरलेले.

उमरकोट-थरपारकरच्या सोढ्यांची अडचण वेगळीच आहे. एका कुळात लग्न चालत नाही. तिकडचे बहुतेक राजपूत सोढेच. मग मुली द्यायच्या आणि आणायच्या कुठून? राजस्थानातल्या भाटी-राठोडांकडून.   सीमेच्या दोन्ही बाजूंना म्हणूनच घरटी एक माहेर परदेशात. हा काही मैत्रीचा संदेश वगैरे नव्हे. हा सोयरिकीचा साधा व्यवहार आहे, सीमेपेक्षा जुना.

माजीसा १९६३ साली नवरी म्हणून आल्या त्या रेल्वेने. जोधपूरहून बाडमेर, मुनाबाव, खोखरापार करीत सिंधच्या हैदराबादेला जाणारी गाडी तेव्हा सुरू होती. माहेर एका रात्रीच्या अंतरावर होते. दोन वर्षांनी युद्ध झाले. सप्टेंबर १९६५ मध्ये आपल्या सैन्याने गडरा घेतले, पाकिस्तानने मुनाबाव घेतले. बाँब पडले, रूळ उखडले. सैन्याची रसद पोहोचवताना गडरा रोडला रेल्वेचे कर्मचारी मारले गेले. त्यांचे स्मारक तिथे आहे आणि दर वर्षी ९ सप्टेंबरला रेल्वेचे लोक आणि गावकरी तिथे जमतात. ताश्कंद करारानंतर जमीन ज्याची त्याला परत मिळाली. गाडी मात्र परत सुरू झाली नाही, ती एकेचाळीस वर्षे.

या एकेचाळीस वर्षांत १९७१चे युद्ध झाले. थरपारकरमधून हजारो कुटुंबे इकडे येऊन कायमची राहिली. नव्वदच्या दशकात तारेचे कुंपण आणि प्रखर दिवे आले. २००१-०२ मध्ये संसदेवरच्या हल्ल्यानंतर सैन्य सीमेवर आले, तेव्हा शेतांत सुरुंग पेरले गेले. माजीसांचे वडील वारले ते त्यांना पत्राने कळले, महिनाभराने. सुतकही उलटून गेले होते.

फाटकावरची बॅटरी

१८ फेब्रुवारी २००६ रोजी ब्रॉडगेजच्या नव्या रुळांवरून थार एक्स्प्रेस सुरू झाली. त्या दिवशी वाड्यात लापशी शिजली. ऑगस्टच्या पुराने ती काही महिने बंद पडली. पुढच्या वर्षी माजीसांच्या धाकट्या भावाने यायचे ठरवले.

हा प्रवास कसा होता ते ऐकण्यासारखे आहे. कराचीतली भारतीय वकिलात १९९४ पासून बंद. त्यामुळे सीमेला जवळजवळ चिकटून राहणाऱ्या या माणसाला व्हिसासाठी आधी पार उत्तरेला इस्लामाबादेस जावे लागले. व्हिसा देशाचा नव्हे, गावांचा मिळतो. बाडमेर सीमेवरचा जिल्हा. भावाच्या व्हिसावर नाव आले जोधपूरचे. आणि गाडी मुनाबावहून निघाली की थेट जोधपुरातच थांबायची. वाटेत बाडमेर लागायचे, पण तिथे उतरण्याची सोय नव्हती.

म्हणजे भाऊ बहिणीच्या घरावरून जाणार आणि दोनशे किलोमीटर पुढे जाऊन उतरणार! माजीसांनी निरोप धाडला होता की, गावाबाहेरच्या फाटकापाशी मी उभी असेन, हातात बॅटरी असेल, खिडकीतून बघ. त्या रात्री त्यांचा नातू, मी आणि त्या फाटकावर जाऊन उभे राहिलो. माजीसांनी पदर डोक्यावरून नीट घेतला होता. गाडी आली. त्यांनी बॅटरी वर धरून हलवायला सुरुवात केली. उजळलेल्या खिडक्या एकामागून एक गेल्या, काही माणसे दिसली, कोण ते कळले नाही. मागचा तांबडा दिवा दिसेनासा झाल्यावरही त्यांचा हात वरच होता. "बसला असेल दुसऱ्या बाजूला," असे म्हणत त्या वळल्या.

दुसऱ्या दिवशी त्या बसने जोधपूरला गेल्या. चव्वेचाळीस वर्षांनी भावाबहिणींची गाठ पडली. आठ दिवसांनी परत आल्या तेव्हा मी विचारले, बॅटरी दिसली होती का? त्या हसल्या. सकाळपासून कस्टमच्या रांगेत उभा राहून तो इतका दमला होता की, गाडी सुटताच त्याला झोप लागली. बाडमेर कधी गेले ते त्याला समजलेच नाही.

पुन्हा पहिले पाढे

त्यानंतर बाडमेर झपाट्याने बदलले. २००४ मध्ये सापडलेल्या मंगला क्षेत्रातून २००९ साली तेल निघू लागले. हॉटेले झाली, जमिनीचे भाव वाढले, इंदिरा गांधी कालव्याचे पाणी नळाने शहरात आले. गडरा रोडच्या वाट्याला यातले थोडेच आले. सीमेलगत रात्री फिरण्यावर बंदीचे हुकूम, अनोळखी माणसाची चौकशी, विमानाचा आवाज आला की मान वर करण्याची सवय, हे सगळे तिथे पूर्वीसारखेच राहिले.

२०१८ मध्ये माजीसांच्या त्याच नातवाचे लग्न झाले. सून आली उमरकोटकडची, थार एक्स्प्रेसने. ऑगस्ट २०१९ मध्ये ३७० कलमावरून संबंध बिघडले आणि गाडी पुन्हा बंद झाली. उरली अटारीची वाट. म्हणजे शेकडो किलोमीटर उत्तरेला जायचे आणि पलीकडे पुन्हा तितकेच दक्षिणेला यायचे. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर तीही बंद झाली. मे महिन्यात बाडमेरने पुन्हा 'ब्लॅकआऊट'च्या रात्री पाहिल्या.

त्या दिवसांत मी फोन केला. माजीसा आता ऐंशीच्या घरात आहेत. घाबरल्या असतील असे मला वाटले होते. त्या म्हणाल्या, "दिवे घालवायची आम्हाला सवय आहे. मुलगे फौजेच्या मदतीला गेले आहेत, पाणी, दूध पोहोचवायला." मग नातसुनेबद्दल बोलल्या. "ती रोज फोनवर आईचे तोंड बघते आणि मग रडते. माझ्या वेळी दिसतच नव्हते, म्हणून निभले."

पुण्या-मुंबईत बसून सीमेबद्दल बोलताना आपल्याला वाटते की, तिथल्या माणसाने देश आणि सोयरे यांतले एक निवडावे. गडरा रोडच्या माणसाला हा प्रश्नच कळत नाही. स्मारकावर फूल वाहणारा हात आणि पलीकडच्या मामाला पत्र लिहिणारा हात एकच असतो. सीमा बंद करायची की उघडायची, हे ठरवणे सरकारचे काम आहे. कधी कधी ती बंद करावीही लागते. पण त्याची किंमत कोण भरतो, याचा हिशेब कुठे तरी असावा. इथे तो बहुतेक वेळा बायकांच्या नावावर पडतो; कारण माहेर सोडून येतात त्याच.

बाडमेरहून मुनाबावपर्यंत पॅसेंजर जाते. पुढे रूळ आहेत, गाडी नाही. माजीसांना मी शेवटी सहज विचारले, गाडी पुन्हा सुरू झाली तर काय कराल? त्यांनी जरा विचार केला. म्हणाल्या, "मी कुठे जाणार आता? पण तुझी कुणा मोठ्या माणसाशी ओळख असेल तर सांग. गाडी सुरू केलीच, तर बाडमेरला दोन मिनिटे थांबवा म्हणावे."