पणजीच्या बाजारात कोकणीचे धडे

मैत्रिणींनो, पणजीला गेलात की मांडवीचा काठ अन् फोंतेन्हासची रंगीत घरं पाहालच. पण एका सकाळी पिशवी घेऊन मासळीबाजारातही जा. कोकणी शिकायची खरी शाळा तीच!

आम्हां कवठे येमाईकडच्या, देशावरच्या बायकांना वाटतं, कोकणी काय, मराठीसारखीच, सहज समजेल. तिथंच फसगत होते. ‘नुस्तें’ म्हणजे आपलं ‘नुसतं’ नव्हे, मासळी! ‘जाय’ म्हणजे ‘हवं’. म्हणून ‘म्हाका नुस्तें जाय’ म्हणायचं. भाव विचारायला ‘कितले?’, नको असेल तर ‘नाका’. पाण्याला ‘उदक’, आपल्याकडे हा शब्द राहिलाय तो धर्मकार्यापुरता. आभाराला ‘देव बरें करूं’. किती गोड, नाही?

एक मात्र सांभाळा. ‘ही तर मराठीचीच बोली’ असं तिथं चुकूनही बोलू नका. १९६७ साली महाराष्ट्रात विलीन व्हायचं का, यावर गोव्यात जनमत कौल झाला, तेव्हाही हा वाद तापला होता. १९८७ साली कोकणी राजभाषा झाली. जुनं दुखणं आहे ते.

पहाटे सायकलीचा भोंगा वाजला, की पोदेर पाव घेऊन आला समजा. ‘पाव’ हा शब्द तेवढा शिकायला नको. पोर्तुगीजांकडून तो आपल्या स्वयंपाकघरात कधीच आलाय, बटाट्यासकट!