खान, बाण आणि 4,492 मतं

मेसमध्ये निवडणुकीचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "इथलं राजकारण काय रे, खान की बाण!" घोषणा छोटी आहे, यमक जुळतं, म्हणून तोंडात बसली. पण आकडे घेऊन बसलं की हे गणित एवढं सोपं नाही, हे लगेच कळतं. बाहेरगावाहून शिकायला आलेल्यांनी तर ते एकदा समजून घ्यायलाच हवं.

आधी थोडा इतिहास. आपल्या महानगरपालिकेची पहिली निवडणूक 1988 साली झाली आणि शिवसेनेने तिथे जोरदार मुसंडी मारली. त्याच वर्षी बाळासाहेब ठाकरे यांनी शहराला संभाजीनगर म्हटलं. 1989 मध्ये मोरेश्वर सावे खासदार झाले. पुढे 1998 चा अपवाद सोडला तर 2014 पर्यंत लोकसभेची ही जागा शिवसेनेकडेच राहिली. त्यात 1999 पासून सलग चार वेळा चंद्रकांत खैरे निवडून आले. शहराचं नाव 2023 मध्ये अधिकृतपणे बदललं. मात्र 2024 च्या निवडणुकीत मतदारसंघाचं नाव औरंगाबादच होतं!

आता लोकसंख्या बघू. 2011 च्या जनगणनेप्रमाणे शहरात हिंदू सुमारे 51 टक्के, मुस्लिम 31 टक्के आणि बौद्ध 15 टक्के. "खान की बाण" म्हणताना हा तिसरा आकडा आपण विसरतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 मध्ये मिलिंद महाविद्यालय इथे सुरू केलं. विद्यापीठाच्या नामांतराचा लढा इथलाच, तो 1994 मध्ये नामविस्ताराने थांबला. हा मतदार कुठे जातो यावर बरंच काही ठरतं. शिवाय लोकसभेत कन्नड, गंगापूर, वैजापूर हे ग्रामीण भागही येतात. तिथे जात, ऊस, कापूस, पाणी असे वेगळेच विषय चालतात.

2019 मध्ये नेमकं हेच दिसलं. एमआयएम आणि वंचित बहुजन आघाडी एकत्र लढली. इम्तियाज जलील यांना 3,89,042 मतं, तर खैरे यांना 3,84,550. फरक फक्त 4,492! तिसरे होते पूर्वी शिवसेनेतच असलेले हर्षवर्धन जाधव, अपक्ष, निशाणी ट्रॅक्टर. त्यांनी तब्बल 2,83,798 मतं घेतली. म्हणजे एकीकडे दोन गट जोडले गेले, दुसरीकडे एक गट फुटला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या म्हणून निकाल फिरला.

जिंकणाऱ्याला मिळाली साधारण साडेबत्तीस टक्के मतं. आपल्याकडे पासिंगला 40 लागतात, म्हणजे आपल्या भाषेत ही एटीकेटीच! पण निवडणुकीला पासिंग नसतं, फक्त पहिला नंबर यावा लागतो. म्हणूनच इथे कोण उभा आहे याइतकंच कोण कोणाची मतं खातो हे महत्त्वाचं.

2024 मध्ये तर बाणच दोन ठिकाणी गेला. धनुष्यबाण संदिपान भुमरे यांच्याकडे, खैरे यांच्या हाती मशाल. शिवसेना फुटली म्हणून पतंग सहज उडेल, असं बऱ्याच जणांना वाटलं. झालं उलटंच. भुमरे 4,76,130, जलील 3,41,480, खैरे 2,93,450. यावेळी वंचितने स्वतंत्र उमेदवार दिला होता. पण जलील यांची स्वतःची मतंच 47 हजारांहून जास्त घटली आणि फरक होता 1,34,650 चा. आणि भुमरे यांचा टक्कासुद्धा 40 च्या खालीच!

त्याच वर्षी विधानसभेला औरंगाबाद पूर्वमध्ये अतुल सावे यांनी जलील यांना फक्त 2,161 मतांनी हरवलं. समाजवादी पक्ष आणि वंचित, या दोघांच्याही उमेदवारांना त्या फरकापेक्षा जास्त मतं पडली होती.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायला हवी. मतदान गुप्त असतं. मशीन पक्षाची मतं मोजतं, जात-धर्म मोजत नाही. "अमुक समाजाने अमुकला दिलं" हा आपला अंदाज असतो, आणि सगळा समाज एकगठ्ठा जातो असं धरून चाललं की आपणही तीच घोषणा पुन्हा देत असतो. 51 टक्के हिंदू एकत्र असते तर 2019 चा निकाल लागलाच नसता.

आणि आपलं काय? आपण इथे चार वर्षं राहतो. नळाला किती दिवसांनी पाणी येतं याची चर्चा रोज करतो, जायकवाडी एवढं जवळ असून! पण मत मात्र गावाकडच्या यादीत, आणि मतदानाच्या दिवशी सबमिशन. निवडणूक आयोगाच्या नियमाप्रमाणे हॉस्टेलवर राहणाऱ्या विद्यार्थ्याला गावी किंवा हॉस्टेलच्या पत्त्यावर, कुठल्याही एका ठिकाणी नाव नोंदवता येतं. फॉर्म 6 भरायचा, सोबत कॉलेजचं बोनाफाईड जोडायचं. दोन्हीकडे नाव ठेवणं मात्र गुन्हा आहे.

कोणाला मत द्यायचं ते ज्याचं त्याने ठरवावं. पण जिथे खासदार 4,492 मतांनी ठरतो, तिथे दोन-चार कॉलेजांची हॉस्टेलं म्हणजे काही किरकोळ आकडा नाही. बघा, पटतंय का!